मला कुणी का विचारलं नाही?

निवडणूक आली, जनमत चाचण्यांचे आकडे टीव्हीवर झळकू लागले, की आमच्या सोसायटीच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मला तर आजवर कुणी विचारलं नाही, मग हे आकडे येतात कुठून?" शंका रास्त आहे, आणि साध्या भागाकारानं सुटते. महाराष्ट्रात मतदार नऊ कोटींहून अधिक. चाचणीवाल्यांनी दहा हजारांना गाठलं, तरी आपला नंबर लागण्याची शक्यता नऊ हजारांत एक.

पण दहा हजारांवरून नऊ कोटींचं कळतं कसं? आमटीचं मीठ बघायला आपण चमचाभरच तळहातावर घेतो. पातेलं चौघांचं असो की लग्नघरचं, चमचा तोच पुरतो. फक्त आमटी तळापासून ढवळलेली हवी. हे ढवळणं म्हणजे यादृच्छिक निवड : प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची सारखीच संधी. एवढं पाळलं, तर चूक किती होईल हेही आधीच सांगता येतं. मला या गणिताचं फार अप्रूप आहे. जितकी माणसं, त्यांच्या वर्गमुळानं १ ला भागायचं. १०० माणसांचं वर्गमूळ १०; १ भागिले १० म्हणजे ०.१, म्हणून चूक १० टक्क्यांपर्यंत. ४०० माणसं, ५ टक्के. १०,००० माणसं, १ टक्का. शंभरातल्या ९५ वेळा तरी चूक याच्या आत राहते. ती निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आणि राज्याची लोकसंख्या या सूत्रात कुठेच येत नाही!

घोळ होतो तो पुढे. चाचणीत मोजतात मतं, टीव्हीवर सांगतात जागा. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती, दोघांनाही राज्यात सुमारे ४४ टक्के मतं पडली. जागा मात्र ३० आणि १७. वायव्य मुंबईत तर साडेनऊ लाखांच्या आसपास मतांत निकाल लागला ४८ मतांनी, म्हणजे ०.००५ टक्क्यानं. चूक इतकी बारीक करायला वरच्या सूत्रानं ४० कोटी माणसं लागतील!

म्हणून "यापेक्षा ज्योतिषी बरा" असं कुणी म्हणू नये. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, ते ओळखायला सांगितलं होतं. २७ जणांनी उत्तरं दिली; सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं, तरी ५० आली असती.

आमटी नीट ढवळली नाही, तर मोठा चमचाही उपयोगाचा नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एका साप्ताहिकानं टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून पत्रं धाडली. वीस लाखांहून अधिक उत्तरं आली, त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते यादीतच नव्हते, आणि ज्यांनी पत्र टाकून दिलं त्यांचं मत कळलंच नाही. आजही मतदान केंद्राबाहेर "नाही सांगायचं" म्हणून पुढे जाणारे असतात. 'चूक १ टक्का' या आकड्यात ते धरलेले नसतात. चाचणी हाती आली की मी आधी तेच शोधतो : किती जणांना विचारलं, आणि त्यांतले किती जण काही न बोलता निघून गेले.