कॅल्शियम स्कोअर म्हणजे ब्लॉकेजची टक्केवारी नव्हे
आमच्या जळगावच्या स्कॅन सेंटरतर्फे

रिपोर्ट हातात पडला की प्रश्न ठरलेला : "स्कोअर २१० आलाय, म्हणजे ब्लॉकेज किती टक्के?" ते या आकड्यावरून कळत नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांत कॅल्शियम धरतं. सीटी स्कॅनमध्ये ते पांढरं दिसतं. त्याचा पसारा आणि दाटपणा मोजून आकडा काढतात. ही पद्धत अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. आर्थर अगॅटस्टन यांनी १९९० मध्ये मांडली. बोअरच्या पाइपात क्षार धरतात तसं मात्र हे नाही. पाइप आतून बुजतो, इथे थर भिंतीतच असतो. त्यामुळे स्कोअर मोठा असूनही रक्ताची वाट बरीच मोकळी असू शकते. आजार एकूण किती पसरलाय, एवढं आकडा सांगतो. पसारा जितका मोठा, तितका पुढे अटॅकचा धोका जास्त.

१ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० पासून पुढे जास्त. शंभरीनंतर डॉक्टर बहुधा स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू करतात. पण वयही बघावं लागतं : सत्तरीतल्या आजोबांचा ८० आणि पंचेचाळिशीतल्या मुलाचा ८० सारखा नाही, मुलाची काळजी जास्त. शून्य आला तर चांगलंच, तरी अजून कॅल्शियम न धरलेले मऊ थर यात दिसत नाहीत. मधुमेह किंवा सिगारेट असेल तर शून्यावर विसंबू नका.

"तंबाखूत चुना मळतो, तोच साचतो का?" नाही. खाल्लेला चुना धमनीत जाऊन बसत नाही. घात तंबाखूच करते, आणि काकू, मिसरीही तंबाखूच आहे.

तपासणीला इंजेक्शन नाही. आधीचे चार तास चहा, कॉफी, सिगारेट नको, ठोके वाढतात. क्ष-किरणांची मात्रा साधारण १ मिलिसिव्हर्ट (किरणं मोजायचं एकक), म्हणून गरोदरपणात करत नाही. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी यावर पैसे घालवू नयेत, आजार आहे हे माहीतच आहे.

छातीत आत्ता दुखत असेल, घाम फुटत असेल, तर आमच्याकडे येऊच नका. १०८ ला फोन करा, थेट दवाखाना गाठा.

आणि गोळी सुरू झाल्यावर "स्कोअर उतरला का" बघायला सहा महिन्यांनी येऊ नका. तो उतरत नाही. स्टॅटिनने थर घट्ट होतात, आकडा उलट थोडा चढूही शकतो. आकडा चढला म्हणून गोळी बंद करायची नाही.