कामाचे तास, रिकामी पदे आणि कोकणातले सरकारी डॉक्टर

न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याची, मांडणी केली. १९८१ मध्ये क्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली दिली. तिची अंगे तीन: मनाचा थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजारांत न धरता कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडले. तेव्हा डॉक्टरला योगवर्गाला पाठवण्याआधी ड्यूटीचा तक्ता तपासायला हवा.

भारतात तासांचा नियम १९९२ चा. निवासी डॉक्टरांची (वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शिकता शिकता काम करणाऱ्यांची) सलग ड्यूटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असे केंद्राने तेव्हा सांगितले. तो मोठ्या शहरांतही नीट पाळला गेला नाही. कोकणाला तर तो लागूच होईना, कारण इथल्या सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टर फारसे नव्हते. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये आले, रत्नागिरीत २०२३ मध्ये. भार पडला तो वैद्यकीय अधिकाऱ्यांवर, आणि त्यांच्या ‘ऑन-कॉल’ला, म्हणजे बोलावणे येताच हजर होण्याच्या ड्यूटीला, या नियमाची मर्यादा नाही.

३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्याच्या रात्री फुरसे चावलेला माणूस येतो. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही, तर विष भिनले असे धरून प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या लावायच्या आणि औषधाची रिॲक्शन येईल म्हणून ती आवरणारे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन भरून उशाशी थांबायचे. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी. मध्येच महामार्गावरचा अपघात येतो, त्याचे एमएलसीचे, म्हणजे पोलीस प्रकरणाचे, कागद. सकाळी शवविच्छेदन आणि ओपीडीही त्याच डॉक्टरकडे. बॉण्डवरचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेला, एमबीबीएस वर्षभराने जातो, की रात्री पुन्हा उरलेल्यांत वाटल्या जातात.

सर्वांत जास्त खचवते ते भूलतज्ज्ञाचे रिकामे पद. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, थिएटर तयार, तरी सिझेरियन होत नाही. अडलेल्या बाईला १०८ रुग्णवाहिकेतून घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवावे लागते. नातेवाइकांचा राग मात्र समोरच्या डॉक्टरवर निघतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे, पण तो हल्ला झाल्यावर उपयोगी पडतो. रेफर करण्याची वेळ त्याने टळत नाही. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात किमान दोन भूलतज्ज्ञ लागतात, कारण एकटा माणूस वर्षभर चोवीस तास ऑन-कॉल राहू शकत नाही. एकच पद भरले, तर वर्षा-दोन वर्षांत तेही रिकामे होते.