नाताळातली फळांची करंजी: तळणातून भट्टीकडे

पारीत गोड सारण भरणं मराठवाड्याला नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पुरणपोळीच्या जवळचा पदार्थ आहे, आणि आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा त्याच राज्यात होता. सारण मात्र पुरणाचं, खोबऱ्याचं, खसखशीचंच राहिलं. फळ बाहेर राहिलं, कारण करंजी तळायची आणि पंधरवडाभर टिकवायची. ओल्या सारणाची वाफ गरम तेलात पारी फोडते; नाही फोडली, तरी दुसऱ्या दिवशी करंजी लिबलिबीत होते.

भाजायची सोयही घरात नव्हती. औरंगाबादेत तंदूर होते, पण ते नानवाल्यांचे. पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला इंग्रजी छावणी पडली. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. नाताळ इथे रुजला तो करंजी-चकलीच्या फराळासकट. नानकटाईचं पीठ मळून बेकरीत नेऊन भाजून आणायची पद्धत बऱ्याच घरांत पडली, आणि घरात ओव्हन आल्यावर करंजीत फळ भरणं शक्य झालं.

कोणतं फळ, इथे बरेच जण फसतात. बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणून हौसेनं तीच घेतली जातात. पण सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, आणि मोसंबीचा रस तापवल्यावर किंवा नुसता ठेवल्यावरही कडू होतो. साखर वाढवून हा कडूपणा जात नाही. सीताफळ बासुंदीत थंड झाल्यावर घालावं, तिथेच ते शोभतं. भाजायला पेरू उत्तम: डिसेंबरात ताजा मिळतो आणि आटवला की घट्ट बसतो. केसर आंब्याचा आटवलेला रस साठवणीत असेल तर तोही चालतो.

अर्धा किलो पेरूचा बिया गाळलेला गर, दीडशे ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस जाड बुडाच्या कढईत आटवावा. पळीनं ओढल्यावर कढईचा तळ दिसून तसाच राहिला की झालं. साधारण तीनशे ग्रॅम उरतं. ते पूर्ण गार होऊ द्यावं. कोमट सारणानं पारीतलं तूप वितळतं आणि कडा उघडतात.

पारीला अडीचशे ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि शंभर ग्रॅम थिजलेलं तूप. तूप बोटांच्या टोकांनी रव्यासारखं होईपर्यंत चोळावं, मग गार पाणी थोडं थोडं, साठ-सत्तर मिलीलिटर. पीठ गोळा झालं की थांबावं. पोळीच्या कणकेसारखं मळलं तर करंजी चिवट होते; ही चूक सवयीनं होते, म्हणून सांगावी लागते. डिसेंबरच्या थंडीत तूप आपोआप थिजलेलं असतं. उन्हाळ्यात आंब्याची करायची तर पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावंच.

तीस ग्रॅमची पारी, मोठा चमचाभर सारण, त्याखाली चिमूटभर भाजलेला रवा. सुटणारा रस तो शोषतो. कडा पाण्यानं चिकटवून मुरड घालावी आणि वर सुईनं तीन भोकं पाडावीत. १९० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटं. वरून रंग आला तरी एक उलटून पाहावी. बूड पांढरट असेल तर ट्रे खालच्या खणात ठेवून आणखी पाच मिनिटं. जाळीवर गार कराव्यात, आणि दोन दिवसांत संपवाव्यात.