ब्रॉयलर कोंबड्यांच्या लॉटचे वजन आठवडाभर आधी कसे कळते?

उचलीच्या दिवशी, म्हणजे पक्षी विक्रीसाठी शेडमधून नेतात त्या दिवशी, सरासरी वजन किती भरेल, हे आधी कळले तर गाडी वेळेवर ठरते आणि फिनिशरच्या (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याच्या) गोण्याही बेताने मागवता येतात. त्यासाठी तुम्ही दर आठवड्याला पाठवलेल्या वजनांवरून आम्ही तुमच्या शेडचा वाढीचा आलेख काढतो.

ब्रॉयलरची (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीची) वाढ सरळ रेषेत होत नाही. साधारण 40 ग्रॅमचे पिल्लू पहिल्या आठवड्यात चौपटीच्या पुढे जाते. नंतर रोजची वाढ चढत जाते, एका टप्प्यावर सर्वाधिक होते आणि मग मंदावते. या वळणासाठी आम्ही गॉम्पर्ट्झचे समीकरण वापरतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी ते 1825 मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी मांडले होते, पण कोंबडीच्या वाढीलाही ते चांगले लागू पडते. त्यानुसार पूर्ण वाढीच्या सुमारे 37 टक्के वजनावर रोजची वाढ सर्वाधिक असते. पूर्ण वजन 6 किलो धरले, तर हा टप्पा 2.2 किलोच्या आसपास, म्हणजे ऐन उचलीच्या सुमारास येतो. त्यापुढे रोजची भर घटते, पण जड पक्ष्याला नुसते वजन राखायलाच जास्त खाद्य लागते. तिथे एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडतो.

आलेख चुकतो तो बहुतेक वेळा वजन घेताना. दाराजवळचे, चटकन हाती लागणारे पक्षी अनेकदा अशक्त असतात. तेवढेच तोलले तर सरासरी खोटी येते. शेडमध्ये तीन-चार ठिकाणी जाळीने पक्षी अडवा आणि आत आलेला प्रत्येक पक्षी तोला, लहान दिसला म्हणून सोडू नका. सरासरी 2 किलो आणि पक्ष्यापक्ष्यांतला फरक (प्रमाण विचलन) सरासरीच्या 10 टक्के असेल, तर 25 पक्षी तोलून अंदाज 80 ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतो, 100 तोलले तर 40 ग्रॅम. चूक निम्मी करायची तर पक्षी चौपट तोलावे लागतात. मेहनत आहे, पण आम्ही तिचा आग्रह धरतो.

एप्रिल-मेच्या उकाड्यात पक्षी खाद्य कमी घेतात, म्हणून हिवाळी बॅचचा आलेख आम्ही उन्हाळ्यात वापरत नाही.

नुसती सरासरी पाठवू नका. प्रत्येक पक्ष्याचे वेगळे वजन, पक्ष्यांचे वय, त्या दिवसापर्यंतची मर आणि संपलेले खाद्य कळवा. वजन दर वेळी एकाच वेळेला, शक्यतो सकाळी खाद्य टाकण्याआधी घ्या. अहवालात उचलीच्या दिवसाचे अपेक्षित वजन आम्ही एका आकड्यात न देता किमान आणि कमाल अशा मर्यादेत देतो. व्यापाऱ्याशी बोलताना त्यातला किमान आकडा धरा.