बेडक्यात जंतू निघाला, म्हणजे संसर्ग भडकला का?

मामांच्या बेडक्याच्या रिपोर्टात 'स्युडोमोनास' नावाचा जंतू आला आणि मामींनी न्युमोनिया ठरवूनही टाकला. मामा मात्र निवांत चहा पीत होते. ताप नाही, कफ रोजचाच, जिना नेहमीसारखा चढतात.

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांनी आयुष्यभर माग चालवला. मध्ये टीबी झाला, औषधांनी बराही झाला, पण श्वासनलिका रुंद नि सैल होऊन बसल्या. यालाच ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. अशा नळ्यांतून कफ नीट वर येत नाही, साचतो, आणि साचलं की जंतू राहायला येतात.

ही झाली वस्ती. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल. त्याच्या आतल्या बाजूला बोट लावून बघा, बुळबुळीत लागेल. पाणी ओतून टाकलं तरी तो थर जात नाही. स्युडोमोनास छातीत असाच थर धरतो. आतल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक धड पोचत नाही. शेजारी हिमोफिलससारखे इतर जंतूही असतात. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघताना, त्यातले सहज वाढणारेच दिसतात, जनुकीय तपासणीत बाकीची गर्दी कळते.

भडका वेगळा. तज्ज्ञांनी 2017 मध्ये त्याची व्याख्या ठरवली: खोकला, कफाचं प्रमाण किंवा घट्टपणा, कफातला पू, दम, थकवा, कफातून रक्त, यांतल्या किमान तीन गोष्टी 48 तास तरी बिघडलेल्या आणि डॉक्टरांना उपचार बदलावेसे वाटणं. यात जंतूचं नाव कुठेच नाही! गंमत म्हणजे भडक्याच्या वेळीही अनेकांच्या छातीत तीच मंडळी जवळपास त्याच प्रमाणात सापडतात. त्यामुळे नुसत्या रिपोर्टावरून भडका ओळखता येत नाही.

म्हणून वस्ती निरुपद्रवी असंही नाही. स्युडोमोनास कायमचा बसला की भडके वाढतात. तो पहिल्यांदाच सापडला असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टर त्याला हुसकावायचा प्रयत्न करतात. तेव्हा जुने रिपोर्ट फेकू नका. नमुनाही चूळ भरून, छातीतून खाकरून काढलेला हवा. तोंडातली लाळ दिली तर तोंडातलेच जंतू मोजले जातात.

मामांचे जुने रिपोर्ट गादीखाली निघाले. स्युडोमोनास त्यांतही होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या नाहीत, रोज कफ काढायचा व्यायाम सांगितला. मामी आता कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात: अर्धी वाटी, पिवळट.