भोकाचा पैसा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने पाडलेलं, मधोमध गोल भोक असलेलं ब्राँझचं एक पैशाचं नाणं. त्यावर 1943 ते 1947 ही सालं सापडतात. सोलापुरात जुन्या घरांतल्या देव्हाऱ्यात, पानाच्या डब्यात, नाहीतर पोराच्या करगोट्यात ओवलेलं हे नाणं बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं, त्यामुळे दिसतं कसं ते फार सांगायला नको. एवढंच की राजाचा मुखवटा नाही, वर नुसता मुकुट आणि मागच्या बाजूला भोकाभोवती वेलपत्ती.

खरा वाद भोक का पाडलं यावर आहे. नेहमीचं उत्तर असं की तांबं काडतुसांना लागत होतं, म्हणून धातू वाचवला. ते खोटं नाही, पण अर्धवट वाटतं. आधीचा पैसा साधारण 4.86 ग्रॅमचा आणि 25.4 मिमी व्यासाचा, नवा 1.95 ग्रॅम आणि 21.3 मिमी, म्हणजे धातू जवळपास 60 टक्के कमी. एवढी बचत नाणं नुसतं लहान आणि पातळ करूनही जमली असती. पण मग गोची अशी की अर्धा पैसाही साधारण 21 मिमीचाच होता आणि वजनाने 2.43 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या पैशापेक्षा अर्धा पैसाच जड! अशी दोन नाणी गल्ल्यात एकत्र आली तर अंधारात चाचपून काय ओळखणार? त्यामुळे भोक ओळखीसाठीही होतं हे मत जास्त पटतं. ही युक्ती काही युद्धात सुचलेली नव्हे, पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत भोकाची नाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच होती. तिसरं मत म्हणजे लोक तांब्यासाठी पैसे वितळवत होते ते थांबवायला वजन उतरवलं, तेही सोबत खरं असू शकतं.

सुट्ट्यांची ओढाताण मात्र आधीपासूनच होती. जून 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटांवरचा भरवसा डळमळला, लोक चांदीचे रुपये घरात दडवायला लागले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा ठरवला गेला. त्याच वर्षी एक रुपयाची नोट आली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, मार्च 1943 मध्ये दोन रुपयांची नोट आली. पै, म्हणजे पैशाचा तिसरा हिस्सा, पाडणं 1942 नंतर बंदच झालं. सुटे नाहीत म्हणून दुकानदार पोस्टाची तिकिटं हातावर ठेवायचे, असे प्रकार देशात ठिकठिकाणी झाले.

सोलापुरात यात आणखी एक गुंता होता. हैदराबादच्या निजामाची हद्द अगदी जवळ, तुळजापूर-नळदुर्ग तिकडचं, त्यामुळे बाजारात कलदार (ब्रिटिश) आणि हाली (निजामाचा) दोन्ही रुपये ओळखीचे. 6 कलदार म्हणजे 7 हाली असा ढोबळ दर. गंमत म्हणजे हैदराबादनेही त्याच सुमारास भोकाचं दोन पैचं नाणं काढलं, आणि दोन्ही भोकाचीच असल्यावर घाईत फसगत होणं अवघड नव्हतं.

शहर गिरण्यांचं आणि हातमागांचं. जून 1943 मध्ये कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आलं, हातमागवाल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांना सुताची चणचण, गिरणीत मात्र काम भरपूर आणि वर महागाई भत्ता. हातात नोटा जास्त, पण चहा-बिडीला लागणारे सुटे नाहीत, अशा वेळी हा हलका पैसा कामाचा होता. आण्याच्या नाण्यावर तेलुगूतही किंमत लिहिलेली असे, या पैशावर इंग्रजीसोबत नागरी आणि उर्दूच आहे. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांना भोक पुरत होतं म्हणा.

नाणं दोऱ्यात ओवता यायचं, आणि वॉशर म्हणून वापरायचे असंही सांगतात, कारण वॉशर त्याहून महाग. 1950 मध्ये घोड्याचं चित्र असलेला पैसा आला, तो बिनभोकाचा, आणि 64 पैशांच्या रुपयाचा हिशोब 1 एप्रिल 1957 ला संपला.