स्कोप क्लॉज आणि नवी छोटी नॅरोबॉडी जेट विमानं (अमेरिका)

स्कोप क्लॉज हे अमेरिकेतल्या डेल्टा, युनायटेड, अमेरिकन अशा मोठ्या एअरलाईन आणि त्यांच्या पायलट युनियनच्या करारातलं कलम. कंपनीच्या नावाने उडणारी कुठली विमानं कंपनीच्याच पायलटांनी उडवायची आणि कुठली बाहेरच्या रीजनल कंपनीकडे, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाने छोट्या मार्गांवर विमानं उडवणाऱ्या कंपनीकडे द्यायची, हे त्यात ठरतं. प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही, तिकीट डेल्टाचं, विमानावरचा रंग डेल्टाचा, पण कॉकपिटमधले दोघेजण स्कायवेस्ट किंवा रिपब्लिक अशा रीजनल कंपनीचे नोकर असतात आणि त्यांचा पगार, सिनियॉरिटी, रजा सगळं वेगळं असतं. नवीन नॅरोबॉडी (मधे एकच वाट असलेल्या) जेटमुळे रीजनल कंपन्यांचं आणि पायलट भरतीचं काय होणार हा प्रश्न तिथे सारखा चर्चेत असतो, आणि त्याचं बरंचसं उत्तर इंजिनापेक्षा या कलमातच आहे.

१९९० च्या दशकात ५० सीटची छोटी जेट आली, आधी बॉम्बार्डियरचं सीआरजे आणि मग एम्ब्रेअरचं ईआरजे १४५, आणि मोठ्या कंपन्यांनी कमी पगाराच्या रीजनल पायलटांकडून ती धडाधड उडवून घ्यायला सुरुवात केली. आपली कामं बाहेर जाताना बघून युनियन हादरल्या आणि त्यांनी सीटची मर्यादा घातली. पुढे २००१ नंतर एकेक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या वाटाघाटींत ही मर्यादा सैल होत होत ७६ सीट आणि ८६,००० पाउंड कमाल टेकऑफ वजनावर, म्हणजे साधारण ३९ टनांवर येऊन थांबली, आणि अशी विमानं किती ठेवायची याचाही आकडा करारात असतो. आपल्याकडे हा प्रकार नाही, इंडिगोची एटीआर ही छोटी पंख्याची विमानंसुद्धा इंडिगोचेच पायलट उडवतात, आणि कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची स्टार एअर याच जातीची एम्ब्रेअर जेट उडवते ती स्वतःच्या नावाने, दुसऱ्या कुणासाठी नाही.

या ३९ टनांच्या रेषेवर दोन मोठे प्रोजेक्ट आपटले. एम्ब्रेअरने ई१७५ या आपल्या ७६ सीटच्या रीजनल जेटची नवी आवृत्ती ई१७५-ई२ काढली, इंजिन नवं, पंख मोठे, इंधन कमी, पण इंजिन जड असल्यामुळे वजन गेलं ४४ टनांच्या वर, म्हणजे सीट ७६ च ठेवल्या तरी अमेरिकेतली एकही मोठी कंपनी ते रीजनलकडे देऊ शकत नाही. स्कायवेस्टने २०१३ मध्ये १०० विमानांची ऑर्डर दिली होती ती हवेत विरली आणि २०२२ मध्ये एम्ब्रेअरने त्याचं काम थांबवलं. मित्सुबिशीच्या एमआरजे या रीजनल जेटचं तर त्याहून वाईट झालं. करारातली मर्यादा पुढेमागे वाढेल या भरवशावर विमान बनवलं, मर्यादा काही वाढली नाही, त्यात सर्टिफिकेशन वर्षानुवर्षं रखडलं, आणि २०२३ मध्ये प्रोजेक्ट कायमचा बंद. दुसऱ्या बाजूला युनायटेडने २०१९ मध्ये ७० सीटच्या सीआरजे७०० मधल्या वीस सीट काढून त्याचं ५० सीटचं सीआरजे५५० करून घेतलं, कारण मोठ्या रीजनल जेटचा कोटा संपला होता आणि ५० सीटचा शिल्लक होता. नवं विमान तयार असताना जुन्याच विमानातल्या सीट काढाव्या लागल्या, इतकी या कलमाची पकड घट्ट आहे.

मग नव्या विमानांचा परिणाम झालाच नाही का, तर झाला, पण दुसऱ्या वाटेने. बॉम्बार्डियरचं सी सिरीज हे छोटं नॅरोबॉडी विमान २०१६ मध्ये सेवेत आलं, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट, प्रॅट अँड व्हिटनीचं गिअर असलेलं टर्बोफॅन इंजिन, आणि त्याच वर्षी डेल्टाने ७५ विमानं मागवली. बोईंगने बॉम्बार्डियरविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली, जानेवारी २०१८ मध्ये निकाल बॉम्बार्डियरच्या बाजूने लागला, तोवर एअरबसशी करार झालाच होता आणि त्या जुलैपासून हे विमान ए२२० झालं. ७ फेब्रुवारी २०१९ ला डेल्टाचं पहिलं ए२२० न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून बॉस्टनला उडालं, १०९ सीटचं. या आकाराचं विमान रीजनलकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, ते डेल्टाच्या पायलटांनीच उडवायचं. याची पूर्वतयारी डेल्टाने २०१२ च्या करारात केली होती, तेव्हा ११० सीटची ८८ बोईंग ७१७ मेनलाईनमध्ये, म्हणजे डेल्टाच्या स्वतःच्या ताफ्यात आणायची आणि त्या बदल्यात ५० सीटची रीजनल जेट कमी करून ७६ सीटची थोडी वाढवायची असा सौदा झाला होता. म्हणजे लहान नॅरोबॉडी आली की काम रीजनलकडून मेनलाईनकडे सरकतं, विमान परवडणारं असेल तर युनियनला भांडावंही लागत नाही.

आता हिशोब बघा. ५० सीटची दोन विमानं उडवायला चार पायलट लागतात, १०९ सीटच्या एकाला दोन. प्रवासी तेवढेच, सीटमागचा खर्च कमी, त्यामुळे कंपनी खूश, आणि मेनलाईनमध्ये पायलटांच्या जागा वाढल्या म्हणून युनियनही खूश. फटका बसतो तो लहान गावांना, कारण जिथे दिवसाला चार वेळा ५० सीटचं विमान जायचं तिथे १०९ सीटचं दोनदा जाईल किंवा जाणारच नाही. मार्च २०२२ मध्ये पायलट मिळत नाहीत म्हणून स्कायवेस्टने सरकारी अनुदानावर चालणाऱ्या २९ गावांची सेवा बंद करण्याची नोटीस दिली आणि त्याच वर्षी अमेरिकन एअरलाईन्सने टोलेडो, डुबूक, इथाका ही गावं सोडली. इथाका म्हणजे कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं गाव, आपली मराठी मुलंही तिथे शिकायला जातात.

तरीपण स्कोपला नुसतं प्रगतीच्या आड येणारं कलम म्हणणं मला पटत नाही. २०१० च्या आसपास रीजनलच्या नव्या को-पायलटला वर्षाला २०-२५ हजार डॉलर मिळायचे, कर्ज काढून ट्रेनिंग केलेल्या माणसाला. कलम नसतं तर १०० सीटचं विमानही त्याच पगारावर उडालं असतं यात मला शंका नाही.

भरतीचं गणित आणखी एका नियमाने बदललं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानाला अपघात झाला, त्यानंतर कायदा आला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १,५०० तास उड्डाणाचा अनुभव लागायला लागला, मिलिटरीतून किंवा एव्हिएशनची डिग्री घेऊन आलेल्यांना थोडी सूट. कोविडमध्ये मोठ्या कंपन्यांनी हजारो सिनियर पायलटांना लवकर रिटायर केलं, मग प्रवासी परत आले आणि सगळ्यांनी एकदम रीजनलमधून माणसं ओढली. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाईन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या रीजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. पगार वाढल्यावर ५० सीटचं विमान चालवण्यात काही राम उरला नाही, कारण ते टिकून होतं स्वस्त पायलटांवरच. कॅप्टनची टंचाई तर वेगळीच, कारण कॅप्टन व्हायला आधी एअरलाईनमध्ये १,००० तास हवेत, आणि ते भरले की माणूस मोठ्या कंपनीत निघून जातो.

मेनलाईनची भरतीही बऱ्याच अंशी नॅरोबॉडीच्या डिलिव्हरीवर चालते. एका विमानामागे ढोबळमानाने १० ते १२ पायलट धरतात, म्हणून विमान आलं नाही की नव्या पायलटांच्या ट्रेनिंगचा वर्ग भरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाईन्सच्या बोईंग ७३७ मॅक्सचं दाराच्या जागेचं पॅनेल उडालं, एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने बोईंगच्या उत्पादनाला लगाम घातला, त्याच मालिकेतल्या मॅक्स १० चं सर्टिफिकेशन लांबलं आणि विमानं वेळेवर मिळणार नाहीत म्हणून युनायटेडने मे-जूनमध्ये पायलट भरतीच थांबवली. वरची दारं बंद झाली की रीजनलमधले लोकही जागचे हलत नाहीत आणि खाली १,५०० तास पूर्ण करून बसलेल्या मुलांना वर्ष वर्ष वाट बघावी लागते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाईन्सने २६० विमानांची ऑर्डर दिली, त्यात ८५ ए३२१निओ, ८५ मॅक्स १० आणि सोबत ९० ई१७५, तीही जुन्या इंजिनाची, कारण ३९ टनांच्या आत तीच बसतात. ५० सीटची सगळी विमानं दशक संपायच्या आत काढून टाकू असंही तेव्हाच जाहीर केलं.